गोरक्षनाथ वकिलाचा टेबललॅम्प

दुष्काळाचं साल होतं, पण गोरक्षनाथ वकिलाला पावसापेक्षा टेबललॅम्पची काळजी जास्त होती. श्रीरामपुरात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यानं नुकतंच ऑफिस थाटलं होतं. टेबल सासऱ्यानं दिलेलं, कायद्याची पुस्तकं एका वारलेल्या वकिलाच्या बायकोकडून आणलेली, खुर्चीचा एक पाय आखूड. ते सगळं चालून गेलं असतं. पण छताचा पिवळा बल्ब असा मिणमिणायचा की समोर बसलेल्या पक्षकाराला वकिलाचं तोंडच दिसायचं नाही.

लॅम्प आणायला बायकोही निघाली. तिचं नाव झुंबर. घरात झुंबर असताना दिवा कशाला, हा विनोद गोरक्षनाथ लग्नापासून करत आला होता. त्या दिवशीही केला, आणि त्या दिवशीही ती हसली नाही.

स्टेशनाजवळ मच्छिंद्रचं जुन्या सामानाचं दुकान होतं. तिथं झुंबरला एक दिवा आवडला: गुलाबी प्लॅस्टिकची टोपी आणि खाली कमरेत वाकलेली नाचणारी बाई. गोरक्षनाथाला आवडला तो कुठल्याशा वर्कशॉपातला, टेबलाच्या कडेला आवळायचा, लोखंडी हाताचा. ती म्हणाली, हा ठेवलात तर लोक विहिरीतला गाळ काढायची यारी आणली म्हणतील. तो म्हणाला, त्या बाईपुढं बसून मी घटस्फोटाचे दावे कसे लिहू? दोघं दबक्या आवाजात भांडत होती, आणि मच्छिंद्र तपकीर ओढत मजा बघत होता.

तेवढ्यात दोघांचीही नजर मागच्या फळीवर गेली. काळं, जड लोखंडी बूड, हवी तशी वळणारी पितळी मान आणि वर हिरव्या काचेची टोपी. दिसायला साहेबाच्या बंगल्यातला, आणि वाऱ्यानं काय, बैलानं धडक दिली तरी पडायचा नाही असा. नवरा-बायकोचं एकमत झालं. लग्नानंतरचं बहुधा पहिलंच.

मच्छिंद्र तो काढायला कुरकुरला. पण न विकायची वस्तू कुणी येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवत नाही, एवढं गोरक्षनाथाला कळत होतं. शेवटी मच्छिंद्रनं पिन लावली. दिवा लागला. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि दिवा लागला की हात जोडायचे ही झुंबरची लहानपणापासूनची सवय. रॉकेलची चिमणी असो की विजेचा बल्ब. तिचे हात वर येतायत तोच मच्छिंद्रनं हातातलं फडकं दिव्यावर टाकलं.

"वहिनी, ह्याला हात जोडू नगा."

"का?"

"सवय लागंल त्याला."

टांग्यात बसून दोघं घरापर्यंत हसत आली.

आता सवय ती सवय. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला झुंबरनं बटण दाबलं आणि विचार करायच्या आत हात जोडले. दिव्याची मान हळूच खाली झुकली आणि पुन्हा वर आली. गोरक्षनाथ म्हणाला, स्क्रू ढिला आहे. त्यानं तो आवळला. पुढच्या संध्याकाळी तिनं हात जोडले, आणि मान पुन्हा झुकली. देवळातल्या गुरवासारखी, सावकाश.

मग आले आबासाहेब आणि कारभारी, नेवाशाकडचे चुलतभाऊ. दोघांत एक विहीर, विहिरीत वावभर पाणी, आणि पाळीवरून बोलाचाली. पण माणसं समजूतदार. चहा पिता पिता एक दिवस याचा, एक दिवस त्याचा असं ठरलं. आबासाहेबांनी पोराच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा दिलं. गोरक्षनाथ तडजोड लिहायला वाकला. दिव्याची मान कारभारीकडं वळलेली त्यानं पाहिली, पण आपणच वळवली असेल असं त्याला वाटलं. कारभारीनं बशी नीट खाली ठेवली, कानात काही सांगावं तसा आबासाहेबांकडं झुकला, आणि त्यानं त्यांचा कान दातांनी मुळापासून तोडला.

कान कोऱ्या कागदावर पडला. आबासाहेबांनी आखूड पायाची खुर्ची उचलली आणि कारभारीच्या जबड्यावर घातली, पुन्हा घातली, दात भिंतीवर उडाले. लोकांनी दोघांना ओट्यावर ओढून आणलं. उजेडाबाहेर येताच दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. तरी दोन खटले झाले, आणि दोघांनाही वकील म्हणून गोरक्षनाथच पाहिजे होता.

पुढं रंगुबाई आली, रुसवा सोडून नांदायला निघालेली. अंगठा उठवायच्या आधी तिनं टाक उचलला आणि नवऱ्याच्या डोळ्यात खुपसला. नंतर ओट्यावर बसून ती स्वतःच्याच हाताकडं बघत राहिली, हा कुणाचा म्हणून विचारत.

गोरक्षनाथ मूर्ख नव्हता. त्याला सगळं कळत होतं. पण मिटवामिटवीसाठी आलेलं प्रत्येक भांडण फौजदारी होऊन बाहेर पडत होतं, आणि कोर्टात लोक आता त्याला उठून जागा द्यायला लागले होते. झुंबर फरशीवरचं रक्त पुसायची आणि म्हणायची, दिवा परत करा. तो म्हणायचा, करू.

एका दुपारी तिनं फरशी पुसलीच नाही.

"आजपासून मी त्याला हात जोडणार न्हाई," ती म्हणाली. "तो माझ्याकडं बघतो. सैपाकघराच्या दाराकडं मान करून बसतो, तुमी नसला म्हंजे."

या वेळी गोरक्षनाथ हसला नाही. सायकल काढून तो थेट मच्छिंद्रकडं गेला. दिवा फुकट परत घे म्हणाला. मच्छिंद्रनं मान हलवली. कुठल्याशा गिरणीतल्या कारकुनाचा तो दिवा, एवढं त्यानं सांगितलं. कारकुनानं मालकाला दिव्याच्या बुडानं इतकं मारलं की तोंड कुठं हे ओळखू येईना. लोक धावत आले तेव्हा वायर तुटलेली होती, आणि दिवा कारकुनाच्या हातात जळत होता.

"हात जोडले का कुनी?" मच्छिंद्रनं विचारलं.

"बायकोनं. रोज."

"मग आता थांबवू नगा. जो जोडतो ना वकीलसाहेब... त्यानं थांबवलं, का मग त्यालाच..."

पुढचं ऐकायला गोरक्षनाथ थांबला नाही. ऊन कलून गेलं होतं. आयुष्यात एवढी सायकल त्यानं कधी हाणली नव्हती. गल्लीत शिरला तर वीज गेलेली, घरोघरी कंदील शोधायची गडबड. फक्त त्याच्या पुढच्या खोलीची खिडकी हिरवी दिसत होती.

आत दिवा जळत होता. आतल्या घरातून पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज येत होता. झुंबर जिवंत होती. तेवढ्यानंच त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यातच त्यानं चूक केली. दिवा रस्त्यावर नेऊन आपटायचा म्हणून त्यानं मानेला धरून उचलला.

मान गरम होती. हाताच्या मापाची होती. त्यानं सोडायला बोटं उघडली... बोटं उघडली नाहीत.

त्याचे पाय दाराकडं जायला लागले, रस्त्याच्या नव्हे, सैपाकघराच्या. भिंतीतून उपसलेली वायर मागून येत होती, पिन फरशीवर खरडत.

झुंबरनं वर पाहिलं. पहिला घाव तिच्या डोक्यावरून गेला आणि मांडणीतली पितळेची भांडी खळाखळा खाली आली. जाता जाता बुडाच्या कडेनं कपाळ फाटलं, रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं. ती पाट्यामागं सरकली.

"झुंबर..." गोरक्षनाथ म्हणाला, "माझा हात... माझा न्हाई..."

शिकलेला माणूस, पण त्या घडीला त्याच्या तोंडी आईची बोली आली.

"हितं ठेवा," ती म्हणाली आणि पाट्यावर थाप मारली.

त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. सगळ्या अंगाचा भार टाकला, गुडघ्यांवर पडला, आणि तो वळवळणारा हात इंचाइंचानं पाट्यावर ओढून आणला. चटणीची मिरची खरचटलेल्या कातडीला लागली. दिवा त्याच्या मुठीत तडफडत होता, हिरवा उजेड भिंतींवरून उलटासुलटा पळत होता. झुंबरनं वरवंटा दोन्ही हातांनी उचलला.

एका घावानं झालं नाही. हाड मोडलं तरी बोटं सुटेनात. मग तिनं एकेक बोट फोडलं, ओल्या नारळासारखं, आणि प्रत्येक घावाला तोच म्हणत होता, अजून... अजून... शेवटचं बोट सुटलं. काच फुटली. अंधार झाला.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं, मांडणी पडली. डॉक्टरांनी एकदा हाताकडं पाहिलं, एकदा झुंबरकडं, आणि कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. दिव्याचे तुकडे झुंबरनं पोत्यात भरून साखर कारखान्याच्या मळीच्या खड्ड्यात टाकले. बुडेपर्यंत ती काठावर उभी होती.

प्लॅस्टर अजून निघालेलं नाही; गोरक्षनाथ डाव्या हातानं लिहितो. येईल ते भांडण मिटवून देतो. कोर्टात त्याला उठून कुणी जागा देत नाही, आणि त्याचं त्याला वाईट वाटत नाही. हात दुखतो का विचारलं तर म्हणतो, दुखत नाही, जरा गरम लागतो इतकंच.

पण संध्याकाळी वीज गेली, की दिव्यावर झेपावणाऱ्या सगळ्या पाकोळ्या येऊन त्या प्लॅस्टरला झोंबतात. पंख जळाल्याचा वास येतो, आणि त्या एकेक करून त्याच्या मांडीवर गळून पडतात. तेव्हा तो झुंबरकडं बघत नाही. ती उठते, वरवंटा घेते आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसते.