पलीकडच्या उतारावरून

बसा, दिवा जरा जवळ ओढा. जर्मनांशी चाललेल्या लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात मी इंग्रजांच्या लष्कराला वाळलेलं गवत पुरवत होतो. त्या दिवशीही नेहमीसारखी गाडी भरून दुपारी गावाखालच्या, त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथला डॉक्टर, कॅप्टन मर्चिसन, निम्मं आयुष्य परमुलखात काढलेला माणूस. इजिप्तमध्ये उंट, ग्रीसमध्ये घोडे आणि आता आमच्या इटलीच्या आपेनिनो डोंगरात खेचरं. इतर अधिकारी गाडीतलं वरचं गवत पाहून मान डोलवायचे. हा खांद्यापर्यंत हात खुपसून आतली मूठ काढायचा, हुंगायचा आणि बुरशीचा वास आला की म्हणायचा, "शेठ, हे घरी न्या, तुम्ही खा." पण खरं सांगतो, असं गिऱ्हाईक असलं की व्यापारीही सुधारतो.

एक काम मात्र त्याला नकोसं होतं. कड्यावरच्या जर्मन तोफा आवाजावर गोळे टाकायच्या. म्हणून पुढच्या वाटेवर जाणाऱ्या खेचरांचा आवाज गळ्यात शस्त्रक्रिया करून काढून टाकावा लागे. आधी तो जनावराच्या मानेवर तळवा ठेवून उभा राही. ते एकदा ओरडेपर्यंत सुरीला हात लावत नसे. घ्यायचाच आहे, तर निदान ऐकून तरी घ्यावा, म्हणायचा.

मी गाडी रिकामी करतोय, तोच माझा मेहुणा ग्वेरीनो धावत आला. तिथेच खेचरं हाकायचा. वरच्या वाडीवर गोळा पडला होता. त्याच्या बायकोची, आर्मिदाची, मांडी फाटली होती, रक्त थांबत नव्हतं. आणखीही काही जखमी होते. माणसांचे डॉक्टर सगळे किनाऱ्याकडे गेलेले.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," कॅप्टन म्हणाला.

"तीही खेचराइतकीच हट्टी आहे, डॉक्टरसाहेब. तुम्हाला जड जाणार नाही," ग्वेरीनो म्हणाला, आणि खेचरांची दावी सोडायला लागला.

कॅप्टनने पिशवी उचलली. जखमींना आणायला मुक्या खेचरांची रांग घेतली. मीही निघालो, नसतो गेलो, तर बायकोने घरात घेतलं नसतं.

धुकं इतकं दाट की पुढच्या खेचराची शेपूट तेवढी दिसे. कुजलेल्या चेस्टनटच्या पानांचा वास, त्यात तोफेच्या जळक्या दारूचा. "दाजी, तुमच्या गवतापेक्षा हे धुकं पौष्टिक दिसतंय," ग्वेरीनो पुटपुटला. धीर यावा म्हणून बोलला असेल.

अरुंद वळणावर माझ्याच बुटाखालचा दगड निसटला. खडखडत, आपटत, खोल गेला. मग शांतता... मग वर तोफ धडाडली. पहिला गोळा लांब पडला. दुसरा जवळ. मागे वळायला जागा नव्हती.

तेव्हा पुढच्या खेचराने मान ताणली, तोंड उघडलं. आवाज अर्थातच नाही. पण दरीपलीकडच्या ओसाड उतारावरून एक खेचर ओरडलं. दुसऱ्याने जबडा उघडला, पलीकडून दुसरा आवाज आला. मग तिसरा. तोफा तिकडे वळल्या.

कॅप्टन प्रत्येकाच्या मानेवर तळवा ठेवत रांगेतून मागे आला. "ही जुनो... हा म्हातारा प्रिन्स..." तो कुजबुजत होता. "हे आवाज मी ऐकलेत, शेठ. सगळे मीच ऐकलेत..."

सगळ्या खेचरांची तोंडं मिटली. तरी पलीकडे आणखी एक आवाज उठला. चिरका, शेवटी तुटणारा.

"हा माझ्याकडचा नाही," कॅप्टन म्हणाला.

मी तो ओळखला होता.

"चला. ते आपल्यासाठी ओरडताहेत... थांबणं बरं नाही," कॅप्टनच पुन्हा म्हणाला.

वाडीत चुलीच्या उजेडात त्याने आर्मिदाची फुटलेली शीर बांधली, खेचरांना टाके घालायच्या दोऱ्यानेच मांडी शिवली. ती अजून जत्रेत नवऱ्याच्या पुढे चालते. एवढा मोठा डॉक्टर मी माणसांतही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला माझ्या तबेल्यात नेलं. माझी बिजा, घरचं खेचर, कधी लष्करात गेली नव्हती. दाणे दिसताच तिने तोंड उघडलं, गळा हलला, आवाज निघाला नाही. कॅप्टनने तिची मान बराच वेळ चाचपली. व्रण नव्हता, सूज नव्हती. त्याने हात काढून कोटाला पुसला.

"हिचा कोणी घेतला?" त्याने हळूच विचारलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. दरीपलीकडे बिजा त्याच चिरक्या, शेवटी तुटणाऱ्या आवाजात ओरडली, आणि माझ्यासमोरच्या बिजाने कान तिकडे वळवले.