मागच्या खोलीतली झोप

गाव दिसायला देखणं होतं, यात वाद नाही. नदीवर दगडी पूल, पुलापलीकडे चढत जाणारी फरसबंद गल्ली, खिडक्याखिडक्यांत फुलांच्या कुंड्या, आणि चौकातल्या मनोऱ्यावर एक घड्याळ. ते कायम मागे पडलेलं असायचं आणि लोकांना त्याचंही कौतुक. पाहुणे गाडीतून उतरले की आधी फोटो काढायचे, मग सामान. काकूंना मात्र गाव म्हटलं की चादरी आठवायच्या. नदीमुळे हवेत सदा ओल. दोरीवरची चादर गालाला लावून बघायची, थंड लागली की पुन्हा दोरीवर. आपलं निम्मं आयुष्य चादरींत गेलं आणि उरलेलं न्हाणीघराच्या जाळीतून परक्यांचे केस काढण्यात, असं त्या म्हणायच्या. म्हणताना हसायच्याही, पण अलीकडे ते हसू अर्ध्यावरच थांबायचं.

काका आणि काकू. घरी येणारे पाहुणे त्यांना याच नावांनी हाक मारायचे, मग गावही मारू लागलं. नोकऱ्या संपल्यावर दोघांनी हे दुमजली घर घेतलं आणि पाहुण्यांच्या राहण्याची आणि सकाळच्या न्याहारीची सोय सुरू केली. चार माणसं येत-जात राहतील, गप्पाटप्पा होतील, ही काकांची कल्पना. गप्पा झाल्या, पण त्या काकांच्या. सकाळी ते अंडी करायचे, टेबलाशी उभं राहून हवापाण्यावर बोलायचे आणि पेपर घेऊन अंगणात जाऊन बसायचे. बाकीचं सगळं घर काकूंच्या गुडघ्यांवर उभं होतं.

वर पुढच्या बाजूला दोन चांगल्या खोल्या होत्या. मागची तिसरी अरुंद, नदीकडे तोंड केलेली. तिचं छप्पर इतकं उतरतं की उंच माणसाने बेसावध उठायची सोय नाही. एकटादुकटा माणूस आला तरच ती द्यायची. त्या हंगामात काकूंनी तिथली जुनी गादी बदलली, भिंतीला पांढरा रंग दिला. दुसरं काहीही केलं नाही, हे त्यांनी पुढे स्वतःशी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

पहिला आला तो चष्मेवाला. दुकानोदुकानी चष्म्यांच्या फ्रेमा घेऊन हिंडणारा, प्रवासाने पिचलेला माणूस. संध्याकाळी जिना चढताना तो कठड्याला धरून मध्येच थांबला, तेव्हा काकूंना वाटलं, हा आपल्यातलाच. सकाळी मात्र न्याहारी निवून गेली तरी याचा पत्ता नाही. शेवटी खाली आला तो ओशाळलेला आणि चेहरा असा, की जणू कुणी इस्त्री फिरवली असावी.

"लहानपणानंतर असा ढाराढूर झोपलो नव्हतो," टोस्टला लोणी लावत तो म्हणाला. मग स्वप्नाचं सांगू लागला. एक लांबच लांब व्हरांडा. एक बाई पायाने चालवायच्या मशिनवर काहीतरी शिवत बसलेली. तिने याला कापडाचं दुसरं टोक धरायला सांगितलं. बास, एवढंच. तो टोक धरून उभा होता आणि त्याला फार बरं वाटत होतं. "गंमत म्हणजे मशिनच्या खालच्या फळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला होता. स्वप्नात असलं काय काय दिसतं बघा."

काकूंच्या हातातली किटली तशीच राहिली. त्यांच्या आईच्या मशिनची ती फळी तडकली होती, आणि वडिलांनी ती ट्यूबच्या तुकड्याने बांधून दिली होती. पण मशिनं घरोघरी असायची, फळ्याही तडकायच्या. त्यांनी चष्मेवाल्याला चहा ओतला आणि वरची चादर काढायला गेल्या.

नंतर एक निवृत्त नर्सबाई आल्या. करड्या आवाजाच्या, सगळ्याला नावं ठेवणाऱ्या. सकाळी त्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्यांना स्वप्नात ताप आला होता म्हणे. कुणीतरी ओला तळवा कपाळावर ठेवत होतं आणि त्या बोटांना मशिनच्या तेलाचा वास होता. "मला ती 'मुंगे' म्हणत होती," नर्सबाई म्हणाल्या. "आयुष्यात मला असं कुणी म्हटलेलं नाही."

काकूंना म्हटलेलं होतं. आईच म्हणायची. थोरली म्हणून ही पोर सतत काही ना काही उचलत, ठेवत फिरायची, म्हणून मुंगी. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण परक्या तोंडून ती हाक ऐकली तेव्हा काकूंना भीती वाटली नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या, जे न्याहारीच्या वेळी कधी होत नसे, आणि विचारत राहिल्या. पुढे काय झालं? साडी कुठल्या रंगाची होती? अजून काय म्हणाली?

काकांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, "तूच कधीतरी बोलली असशील पाहुण्यांशी. माणसाच्या डोक्यात राहतं." त्यांचंही बरोबर होतं. फक्त, पाहुण्यांशी आईबद्दल बोलायला काकूंना फुरसत कधी मिळाली होती?

हळूहळू मागच्या खोलीला मागणी आली. पाहुण्यांनी पाहुण्यांना सांगितलं. झोप उडालेले, औषधांना कंटाळलेले लोक पुढच्या ऐसपैस खोल्या सोडून ती अरुंद खोली मागू लागले. दातांचा एक डॉक्टर आला, त्याने नदीत पोहायला शिकवणारे वडील पाहिले. एका नव्या नवरीने पिवळ्या भिंतींचं स्वयंपाकघर पाहिलं आणि ओट्याखाली लपून खाल्लेली साखर. काकू टेबलाशी उभ्या राहून ऐकायच्या. दिवसभराच्या रहाटगाडग्यात तेवढीच घटका त्यांची स्वतःची असायची. पहाटे त्या तिच्याच आशेवर उठायच्या. त्यांना स्वतःला मात्र झोप पुरत नव्हती. पाहुणे जितके ताजेतवाने होऊन उतरत, तितका काकूंना जिना जड जायचा.

दर रविवारी दुपारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. ती दूरच्या शहरात पार्लर चालवायची, आणि बोलायला लागली की समोरच्याने फक्त हुंकार द्यायचे. एका रविवारी ती हसत म्हणाली, "ताई, तो आपला व्हरांडा आठवतो? पावसात आई मशिन आत ओढायला लावायची आणि त्याचं चाक उंबऱ्यात अडकायचं."

काकू हो म्हणाल्या. मग थांबल्या. त्यांनी व्हरांडा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, तर त्यांना चष्मेवाला दिसला. हातात टोस्ट धरून व्हरांड्याचं सांगणारा. त्यांनी आईचा तळवा आठवून पाहिला. नर्सबाईंचा करडा आवाज ऐकू आला. पोहायला शिकतानाचं गार पाणी आठवायचं म्हटलं तर डॉक्टरच्या शर्टाची पट्टेदार बाही. शब्द सगळे होते, एकही सांडला नव्हता. पण शब्दांच्या मागे काही नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी ऐकाव्यात, तसं.

"ताई, आहेस ना?" धाकटीने विचारलं.

त्याच दिवशी काकूंनी मागच्या खोलीला कुलूप लावलं. येणाऱ्यांना सांगितलं, छप्पर गळतंय. काकांची कुरकुर सुरू झाली. भर हंगामात खोली बंद ठेवायची म्हणजे काय, छप्पर तर ठणठणीत आहे. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या मनातल्या मनात काय काय उरलंय ते चाचपत होत्या. शाळा होती. लग्न होतं. आणि आईचं शेवटचं होतं.

ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आई दवाखान्यात असताना शेवटच्या दिवशी जवळ काकू एकट्याच होत्या. काका औषध आणायला खाली गेले होते. धाकटी निघाली होती, पण धुक्यामुळे तिची गाडी आलीच नाही, आणि ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. काकू उशी सारखी कर, पाणी आण, पडदा ओढ, असं करत होत्या. जन्मभर हे आण, ते ठेव म्हणत आलेल्या आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती उभी राहशील? बस आता जरा." काकू बसल्या. आईने त्यांचा हात धरला. त्यानंतर आई काही बोलली नाही.

दिवसभरात पाठ मोडायला आली की काकू ते वाक्य स्वतःशी म्हणायच्या. त्यावरच इतकी वर्षं जिने चढल्या होत्या. धाकटीला सांगितलं नव्हतं, कारण तिला पोचता आलं नाही याचा सल तिच्या मनातून जात नव्हता. विषय निघाला की ती म्हणायची, "धुकं होतं गं ताई, गाडीच आली नाही." आणि काकू म्हणायच्या, "त्यात तुझा काय दोष?"

फोनवरचा काकूंचा आवाज धाकटीला बरा वाटला नसावा. पार्लर सोपवून ती भेटायलाच आली. पुढच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. काकू म्हणाल्या, मी सोफ्यावर झोपते, तू आमच्या खोलीत झोप. धाकटी ऐकेना. वर खोली रिकामी असताना दुखऱ्या गुडघ्यांच्या बहिणीला सोफ्यावर कोण झोपवेल? छप्पर गळतंय हे तिला काकांनीच खोटं पाडून दाखवलं.

"नुसती खोली तर आहे, ताई," ती म्हणाली.

प्रवासाने ती दमली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिलाही आताशा झोप लागत नाही, हे तिने सहज बोलता बोलता सांगितलं. काकू किल्ली हातात धरून उभ्या राहिल्या. आठवण हिच्याकडे गेली तर घरातच राहील, असाही एक विचार त्यांच्या मनात आला. आणि खरं सांगायचं तर नको म्हणत राहायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी किल्ली दिली.

सकाळी पुढच्या खोल्यांतले पाहुणे न्याहारी करून पुलाकडे फिरायला गेले, तरी धाकटी उठली नव्हती. काका तव्याशी होते. काकूंनी तिची बशी झाकून ठेवली, उघडली, पुन्हा झाकली. मग जिन्यावर पावलं वाजली. हलकी, भरभर.

तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता.

ती काकूंच्या शेजारी बसली आणि झाकलेल्या बशीवर बोट फिरवत राहिली. बडबड्या धाकटीचं ते गप्प बसणं काकूंना ओळखीचं नव्हतं.

"आईला पाहिलं," ती शेवटी म्हणाली. "दवाखान्यातली. मी उशी सारखी करत होते, पडदा ओढत होते. तर म्हणाली, किती उभी राहशील? बस आता जरा. मी बसले. तिने हात धरला माझा."

काकूंना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्यांना ते वाक्य ऐकू आलं, पण धाकटीच्या आवाजात.

"स्वप्न म्हणून नाही सांगत, ताई," धाकटी हळू म्हणाली. "मला ते आठवलं. तसंच झालं होतं. मी कुणाला बोलले नव्हते इतकी वर्षं. तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला का वाईट वाटेल?"

धाकटीने उत्तर द्यायच्या आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुला पोचता आलं नाही ना."

काकूंनी बशी सरकवली. आवाज चढू न देता त्या म्हणाल्या, "पोचायचं राहिलं ते तुझं. मी होते तिथे. हे होते खाली." आणि काकांकडे वळून, "सांगा हिला."

काकांनी गॅस बारीक केला. वळले. आजारी माणसाशी बोलताना होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"अगं, किती वर्षं तेच घेऊन बसायचं?" ते काकूंना म्हणाले. "धुकं होतं. गाडीच आली नाही. त्यात तुझा काय दोष?"

बाहेर चौकातल्या घड्याळाचे ठोके पडले. धाकटीने काकूंच्या हातावर हात ठेवला. तिची बोटं उबदार होती, नखांना गडद लाल रंग.

काकूंनी डोळे मिटले आणि दवाखान्याची खोली शोधली. पलंग नव्हता. पडदा नव्हता.

मग फलाट दिसला.

शब्दांत नाही. कुणाच्या तोंडून नाही. कित्येक महिन्यांत काही इतकं लख्ख आठवलं नव्हतं. बाकाचा गारठा साडीतून मांड्यांना लागत होता. धुक्यात रुळांची टोकं दिसत नव्हती. गाडी उशिरा आहे, असं कुणीतरी भोंग्यातून सांगत होतं. आपल्याला पोचायला उशीर होणार, हे आतून पक्कं ठाऊक होतं.

काकू त्या बाकावर बसून राहिल्या. गुडघे अजिबात दुखत नव्हते. वेळ जाईना म्हणून त्यांनी मांडीवरच्या पर्सकडे खाली पाहिलं. पर्सचा बंद घट्ट धरलेले दोन्ही हात तरुण होते, नाजूक होते, आणि नखांवरचा लाल रंग अजून ओला होता.