तिसऱ्या प्रकरणातली शिंक

दाराच्या कडीला लाल रुमाल बांधलेला असला की आत यायचं नाही, हा आमच्या वाचन-खोलीचा एकच नियम. तोही त्याने पहिल्याच भेटीत मोडला.

मी चिमणीसाठी इतिहासाचं तिसरं प्रकरण वाचत होते. चिमणी माझी वर्गमैत्रीण. तिला दिसत नाही. अशा मुलांसाठी आम्ही काहीजणी विद्यार्थी मंडळाच्या त्या खोलीत पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचो. दार धाडकन उघडलं, पावसाचा गार झोत आत आला आणि... एक दणदणीत शिंक!

"सॉरी—" तो कुजबुजला. नखशिखांत भिजलेला.

"तेही रेकॉर्ड झालं," मी म्हटलं.

"मग पुसून टाका ना."

"मुळीच नाही!" शेजारी बसलेली चिमणी खिदळली. "राजा मरतो तिथेच बरोबर शिंक आलीय. असा इतिहास कुठे ऐकायला मिळणार?"

तो हसला. माझ्याकडे बघून... जरा जास्तच वेळ.

तो मंडळाचा सचिव निघाला. मग रोजच यायला लागला. कधी खिडकी नीट लागत नाही म्हणून, कधी माझ्या घशासाठी कोमट पाणी घेऊन.

"तुमचा आवाज सगळ्यांना. माझ्या वाट्याला काय?"

"शिंक."

"हे अहो-जाहो कधी सुटणार आपलं?"

"तुम्ही दार वाजवून आत याल त्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी दारावर हलकेच टकटक झाली. मी दार उघडलं, कडीचा रुमाल सोडला आणि म्हटलं, "ये."

सकाळच्या प्रार्थनेत देवाजवळ मी त्याच्यासाठीही मागू लागले. आईला कळलं असतं तर... पण देवाला कळलंच होतं.

मग मंडळाच्या अध्यक्षाची निवड जवळ आली. प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी हात वर करून मत देणार. आमच्या वर्गाची मी.

"मला देशील मत?" खिडकीपाशी माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्याने विचारलं.

"देईन. आणि ही खोली?"

"मी असेपर्यंत हिला कोण हात लावतंय!"

"शब्द?"

"शब्द. तुझा?"

"माझाही."

निवडीच्या सकाळी आमचे माईक व्हरांड्यात खोक्यात पडले होते. आत क्रीडा विभागाची मुलं टेप लावून भिंती मोजत होती. "इथे व्यायामशाळा होणार," एकजण म्हणाला. "सचिवांनी कबूल केलंय. आमच्यातल्या वर्गप्रतिनिधींची मतं त्यांना."

मी धावत त्याच्याकडे गेले.

"अगं, त्यांच्याशिवाय जमतच नव्हतं," तो माझी नजर चुकवत म्हणाला. "निवडून तर येऊ दे, दुसरी खोली बघू. तू तर माझी आहेस... तू समजून घेशील."

माझी आहेस. हे ऐकायला किती दिवस जीव टांगणीला लागला होता! आणि आलं ते असं.

सभागृहात त्याचं नाव पुकारलं. हात वर होत गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं... त्या नजरेत पहिल्यांदाच भीती होती. दिलेला शब्द मोडणार नाही, असं मी रोज देवापुढे म्हणते. समोरच्याने आपला मोडला तर काय, हे मात्र त्या प्रार्थनेत कुठेच नाही.

मी हात वर केला. तो एका मताने निवडून आला.

"मला माहीत होतं—" गर्दीतून वाट काढत तो आला. "मला माहीत होतं, तू—"

"मी माझा शब्द पाळला," मी लाल रुमाल त्याच्या तळहातावर ठेवला. "आता मी मोकळी."

हल्ली मी चिमणीसाठी ग्रंथालयाच्या जिन्यावर बसून वाचते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आवाज मध्ये येतात, ते आम्ही तसेच राहू देतो. काल मात्र कुणाची तरी पावलं आमच्याजवळ थांबली. बराच वेळ. मग एक शिंक... तोंडावर हात धरून दाबलेली.

चिमणीने कान टवकारले.

"कोण गं? आपल्या ओळखीचं कुणी?"

"नाही गं," मी पान उलटलं. "अध्यक्ष आहेत."