पणजोबांच्या पायाचं माप

बावन्न वर्षांच्या बाईला सगळे अजून 'धाकटी' म्हणत. तिच्यामागून घरात कोणी जन्मलंच नाही, त्याला ती तरी काय करणार? मापाप्रमाणे बूट शिवून देणारं चार पिढ्यांचं दुकान आता ती एकटी सांभाळत होती. आठ महिन्यांपूर्वी वडील झोपेतच गेले. दुःख झालं, पण दुकानाने तिला फार वेळ रडू दिलं नाही. पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे घासायचे होते, गिऱ्हाइकं ताटकळली होती, आणि खरं सांगायचं तर त्या चामड्याच्या वासात ती सुखात होती.

त्या दुपारी कापणीच्या टेबलावर चामड्याऐवजी वंशावळीचा मोठा कागद पसरला होता. दुकानाला सव्वाशे वर्षं होणार म्हणून तो दर्शनी भिंतीवर लावायचा होता. सगळी नावं भरून झाली होती. एकच चौकट रिकामी होती, पणजोबांची.

"बुडाला असेल तर लिही," आत्या म्हणाली. "पळाला असेल तर राहू दे तशीच."

ऐंशीला टेकलेली आत्या खुर्चीत पाय सोडून बसली होती. तिचे आजोबा, म्हणजेच धाकटीचे पणजोबा, दुकान सोडून जहाजावर खलाशी झाले. आत्याचे वडील सहा महिन्यांचे असताना ते जहाज बुडालं. बंदर कार्यालयाचं पत्र घरात जपून ठेवलं होतं. जहाजावरचं कोणी वाचलं नाही, मात्र आधीच्या बंदरात एक खलाशी उतरून गेला होता, तो कोण याची नोंद नाही. गल्लीला तेवढं पुरलं. आत्याचे वडील जन्मभर 'पळपुट्याचा पोर' राहिले. ते कधी कोणाला उलटून बोलले नाहीत. आत्याच्या मनात मात्र ते शब्द अजून सलत होते.

तिने पिशवीतून एक किल्ली काढून पुढे केली. "तुझ्या बापाच्या खणाची. तो गेल्यापासून माझ्याकडेच आहे, खण उघडायचा धीर झाला नाही. बघ काही माग लागतो का."

खणात एकच जाडजूड वही निघाली. वर पणजोबांचं नाव. मापाची पद्धत आजही तीच आहे. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, पेन्सिल ताठ धरून पायांभोवती फिरवायची आणि खाली तारीख टाकायची. पणजोबांच्या वडिलांनी दर वर्षी, जहाज सुटायच्या आदल्या दिवशी, मुलाचं माप घेतलं होतं. सहा वर्षं, सहा पानं. सहाव्या पानावर जहाज बुडालं त्या वर्षाची तारीख होती.

धाकटीने पान उलटलं.

सातवं माप होतं. पुढच्या वर्षीचं, त्याच तारखेचं.

"जुनं माप गिरवलं असेल म्हाताऱ्याने," आत्या म्हणाली. "मुलाच्या आठवणीने."

धाकटीने भिंग लावलं. गिरवलेली रेघ तिला लगेच ओळखू आली असती, ती एकसारखी जाते. ही टाचेशी दबली होती, तळव्याच्या खळग्यात आत सरकली होती आणि पुढे चवडा पसरला होता. अंगाचा भार पडल्याशिवाय चवडा पसरत नाही.

"माणूस उभा होता, आत्या. या कागदावर."

आत्याचा चेहरा उतरला. "म्हणजे येत होता. बायको घरात डोळ्यांत प्राण आणून बसलेली, आणि हा इथे येऊन बुटांचं माप देत होता. फुली मार त्या चौकटीवर."

धाकटीला फार वाईट वाटलं. तरी ती पानं उलटत राहिली. आठवं, नववं, विसावं. अक्षर बदललं, आजोबांचं झालं. मग वडिलांचं. माणसाचा पाय वयाबरोबर सैल पडतो, अंगठ्याचं हाड बाहेर येतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? शंभराच्या वर मापं झाली तरी हा पाय तिशीतलाच राहिला होता.

"आत्या, या तारखेला दुकान बंद असायचं ना?"

"अर्धा दिवस. आधी वडील ठेवायचे, मग तुझा बाप. आम्हाला वाटायचं, साफसफाई करतात."

धाकटी पानांवरून बोटं फिरवू लागली. पहिली सहा पानं गुळगुळीत होती. सातव्यापासून मात्र रेघेच्या आतला कागद फुगून सुरकुतला होता. रेघेबाहेरचा कोरडा ठणठणीत. तिने बोट जिभेला लावलं.

"खारट आहे."

 आत्याने वही मांडीवर ओढून घेतली आणि त्या सुरकुत्यांवर तळहात ठेवला.

"बुडाला होता गं," ती म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. "पळाला नव्हता माझा आजोबा. आणि माझ्या बापाला ते माहीत होतं."

भीती वाटायला हवी होती. पण घरच्या माणसाची कसली भीती, असंच धाकटीला वाटलं. तिने चौकटीत नाव लिहिलं, इतरांपेक्षा जरा मोठंच. शंभर वर्षांचं किटाळ धुतलं गेलं होतं. आत्या रुमालाने तोंड पुसून काहीतरी गुणगुणू लागली.

वही मिटताना शेवटचं पान हाताला लागलं. ते आधीच्या पानाला चिकटलं होतं. धाकटीने जपून सोडवलं.

तेच पाय.

रेघेच्या आतला कागद अजून ओला होता.

खाली वडिलांच्या तिरप्या अक्षरात एक ओळ होती. 'पुढच्या वर्षीपासून माप धाकटी घेईल.'

"काय गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली, आणि ओळीखालची तारीख तिने पुन्हा वाचली.

ती याच वर्षीची, गेल्याच महिन्यातली होती.