गुरुवारचं काय झालं?

"हे तुम्ही पुसलंत?"

बाइंडरने मान वर केली. दारात एक मुलगी जुनं पुस्तक छातीशी धरून उभी होती आणि रागाने तिचे कान लाल झाले होते. टेबलावर पुठ्ठे, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं... आणि त्याच्या हातात, नेमकं तेव्हाच, खोडरबर.

"पुसलं," तो म्हणाला. "वाचनालयाने सांगितलं होतं, स्वच्छ करून बांधून द्या. कुणीतरी पानापानांवर पेन्सिलीने गिचमिड केली होती."

"गिचमिड?"

मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तिचं स्त्रीवादी वाचनमंडळ भरायचं. तिथे तिला सगळ्या 'प्रश्नपत्रिका' म्हणायच्या, कारण ती पाच मिनिटं प्रश्न न विचारता बसली तर कुणीतरी कपाळाला हात लावून ताप बघायचं. वर्षातून एकदा मंडळाची खास सभा असे. त्या दिवशी मान लेखिकेला नाही, एका अनोळखी वाचकबाईला. कधीकाळी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बोलून गेलेल्या, जिचं नाव कुठल्याच यादीत नाही अशा बाईला.

यंदाची बाई प्रश्नपत्रिकेनेच शोधली होती. साठ वर्षांपूर्वीची कादंबरी, घर सोडणाऱ्या एका सुनेची. आणि कडेला बारीक, ठसठशीत अक्षर: 'हिला कुणीतरी आधी बसवून चहा द्या.' पुढे: 'असा नवरा माझ्याकडेही आहे. हा निदान देखणा तरी आहे.' निम्मं वाचून होतंय तोवर पुस्तक बांधणीला गेलं. परत आलं ते हे असं, कोरं करकरीत. शनिवारी सभा होती आणि आज सोमवार.

"मी वाचत वाचत पुसलं," बाइंडर हळूच म्हणाला. "म्हणून तर चार दिवस जास्त लागले."

तिचा राग जागच्या जागी अडखळला. "म्हणजे... तुम्हाला आठवतंय?"

"थोडंफार. शेवटच्या पानावर होतं, 'गुरुवारी मीही निघते.'"

"मग? गेली का ती?"

"ते मला काय ठाऊक!"

पण ठाऊक नसल्याचं त्यालाही वाईट वाटत होतं. ते तिला स्पष्ट दिसलं आणि आवडलंही, हे तिने स्वतःशी कबूल केलं नाही इतकंच. पर्समधून तिने डोळे तपासायचा छोटा टॉर्च काढला, पडदा ओढला आणि पानावर उजेड आडवा धरला. कागदावर पेन्सिलीचे दाब उमटलेले होते. बाई दाबून लिहायची!

मग दुकानातून सुटली की ती रोज इथे येऊ लागली. ती वाचायची, तो वहीत उतरवायचा. टॉर्चच्या उजेडात दोन डोकी इतकी जवळ यायची, की तिच्या केसांना खळीचा वास लागला.

"चष्मा लागलाय तुम्हाला," ती म्हणाली. "फार जवळून बघता."

"पुस्तकाकडे?"

"...वहीकडे बघा."

शुक्रवारी काम संपलं. वही भरली, शेवटची ओळ सापडली, तरी त्याचा चेहरा उतरलेलाच.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आणखी चार ओळी होत्या. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी न वाचताच त्यावर नवा कागद चिकटवला. इतके दिवस सांगायचा धीर होईना. तुम्ही पुन्हा चिडाल आणि... यायच्या बंद व्हाल."

ती चिडली नाही. तिने फक्त विचारलं, "निघेल?"

"खळीने चिकटवलाय, ओल्या फडक्याने सुटेल. पाण्याने पेन्सिल जात नाही. पण खालचा कागद म्हातारा आहे. फाटला तर ती गेली की नाही, हे कधीच कळणार नाही."

प्रश्नपत्रिकेला जन्मात पहिल्यांदा एखाद्या उत्तराची भीती वाटली. न कळलं तर निदान ती गेली असं मानता येत होतं. तिने त्याच्या खरखरीत बोटांकडे पाहिलं. "काढ," ती म्हणाली. 'काढा' म्हणायचं राहून गेलं, ते दोघांनाही कळलं आणि दोघांनीही चालवून घेतलं.

त्याने फडक्याचं एक टोक ओलं करून नव्या कागदावर ठेवलं आणि खळ मऊ होईपर्यंत तो थांबला. मग कागद दुमडायच्या हाडाच्या पट्टीने कोपरा उचलला, केसभर, आणखी केसभर. कागद सुटत गेला. खाली तेच अक्षर होतं, थोडं सैल झालेलं.

'गेले. तीन वर्षांनी पुस्तक परत करायला आले आहे. शाळेत शिकवते. खोलीला दोन खिडक्या आहेत. वाचणारीने काळजी करू नये.'

तिचे डोळे भरून आले. त्याने फडक्याची कोरडी बाजू पुढे केली. तिने त्याच खळकट फडक्याने डोळे पुसले, आणि मग दोघंही हसत सुटली.

शनिवारी खोली गच्च भरली होती. तिने वही वाचली तेव्हा बायका हसल्या, शेवटच्या चार ओळींना मात्र कुणी हललं नाही. सगळ्यांत थोरल्या निवृत्त नर्सबाईंनी नाक शिंकरलं आणि मागे अंग चोरून उभ्या असलेल्या बाइंडरकडे बोट दाखवलं. "पुसणारा हाच ना? बसवा त्याला पुढे. आता पळायचं नाही."

त्याने नीट बांधलेलं पुस्तक प्रश्नपत्रिकेच्या हातात दिलं. मागे एक कोरं पान जास्तीचं शिवलेलं होतं. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, अगदी फिकट, लिहिलं होतं: 'काम संपलं. तरी येशील का?'

"इतकं फिकट?" ती कुजबुजली.

"नको म्हणालीस तर पुसता यावं म्हणून."

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या मुलीला आज कुणीतरी प्रश्न विचारला होता. त्याने पेन्सिल पुढे केली. तिने ती बाजूला सारली, पर्समधून शाईचं पेन काढलं, आणि ग्रंथपालबाई "अगं, अगं, वाचनालयाचं पुस्तक आहे ते!" म्हणून खुर्चीतून उठेपर्यंत दाबून लिहिलं: 'येईन.'