मांजर, मादी, एक

साहेब, खोटी नोंद धम्मदीपनं केलेली नाही. खोटं जनावरांच्या दवाखान्याच्या तुमच्या रजिस्टरात आधीपासून छापलेलं होतं. गाय, बैल, म्हैस, शेळी-मेंढी, कोंबडी, कुत्रा, मांजर. ते रजिस्टर म्हणतं, या डोंगरात एवढेच जीव राहतात. ते छापलं तुमच्या ऑफिसनं आणि नोटीस मात्र त्याला.

तुम्ही त्याच्याकडं सात दिवसांत खुलासा मागितलात, त्यानं दिला. पण कागदावर मावेल तेवढाच दिला, कारण तो भिडस्त आहे. मी नाही. उरलेलं मी सांगते. त्यात प्रेमही येतं, त्याला माझा इलाज नाही.

मी संजीवनी. पानशेतच्या पाण्याकाठी पुण्याच्या एका मॅडमचा बंगला आहे, माझे आप्पा त्याची राखण करतात. मार्चमध्ये मॅडम परदेशात मुलीकडं गेल्या आणि जाताना दोन फेरेट आमच्या हवाली करून गेल्या. फेरेट म्हणजे मुंगसाएवढा, लांबुडका, मऊ केसांचा प्राणी. बाहेरच्या देशात लोक घरात पाळतात म्हणे. पांढरी मादी लोला, तपकिरी नर ऑस्कर. आप्पा दोघांनाही ‘ती मुंगसं’ म्हणायचे. मॅडम सांगून गेल्या, “एसी चालू ठेवा, खायला द्या, बाकी काही नाही.” एसी बंद पडला तर काय करायचं, हे नाही सांगितलं. त्यांच्याकडं तो बंद पडत नसावा.

सतरा एप्रिलला पहाटेच वाऱ्यानं विजेच्या तारा तुटल्या. मी शेजारच्या हॉटेलात भाकरी थापायला जाते. दुपारी एकला परत येऊन खोलीचं दार उघडलं, तर आतून भट्टीचा झोत आला. ऑस्कर हुशार, मोरीतल्या ओल्या फरशीला पोट लावून पडला होता. लोला मात्र काचेच्या खिडकीखाली... तोंड उघडं, श्वास भात्यासारखा, हिरड्या लालभडक. उचलली तर ओल्या फडक्यासारखी हातातून लोंबली.

टोपलीत लोला, पिशवीत हॉटेलातला बर्फ, आणि स्कूटी. कादवे घाट मी कधी उतरले मला आठवत नाही. घाट उतरल्यावर वेल्ह्यात जो जनावरांचा दवाखाना आहे, त्याच्या ओट्यावर मी घमेल्यात पाणी ओतलं, त्यात बर्फ टाकला आणि लोलाला बुडवणार — तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं.

“बर्फात न्हाई घालायचं.”

“मरायला टेकलीये ती. हात सोडा.”

“म्हणूनच न्हाई घालायचं. एकदम गार केलं तर आतनं धक्का बसतो.” बाह्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस. “माठातलं पाणी घ्या. पंजे, पोट, शेपटी. हळूहळू.”

“डॉक्टर कुठायत?”

“खुर्ची हाय. डॉक्टर दीड वर्षापासनं न्हाईत.”

“मग तुमी कोण?”

“खुर्चीशेजारचा.”

हसायची वेळ नव्हती, म्हणून मी हसले नाही. पण ते वाक्य मी ठेवून दिलं, नंतरसाठी.

नाव धम्मदीप. पशुधन पर्यवेक्षक, कंत्राटावरचा, रोज किकवीहून बाईकवर येणारा. त्यानं घमेलं बाजूला सरकवलं, लोलाला सावलीत ओल्या पंच्यावर ठेवलं आणि तिच्या पंजांना बोटानं पाणी लावत राहिला. इतक्या हलक्या हातानं, की मला उगाचच माझ्या मनगटाकडं बघावंसं वाटलं. तिथं अजून साबण होता.

“हे हाय काय?” त्यानं विचारलं.

“तुमाला म्हाईत न्हाई?”

“जीव हाय एवढं कळतंय. नाव तुमी सांगा.”

वारा घालायला काही सापडेना, तेव्हा त्यानं टेबलावरचं रजिस्टर उचललं. साहेब, त्या दिवशी तुमच्या रजिस्टराचा तेवढाच खरा उपयोग झाला.

श्वास जरा खाली बसला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात लोलाची नजर एका जागी थिजली, तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय निर्जीव झाले. धम्मदीपनं घाईनं पुण्यातल्या एका डॉक्टरना फोन लावला. असले छोटे प्राणी बघणारे डॉक्टर. फोन स्पीकरवर. ते म्हणाले, हिची साखर उतरलीये, मध हिरडीला चोळा, बोटानं. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल.

मध आणायचा कुठून? दवाखान्यात जंताचं औषध असतं, मध नसतो. ओट्याच्या कोपऱ्यात धोंडाबाई गाभण शेळी घेऊन बसल्या होत्या. राजगडाच्या पायथ्याला, पाली गावात, गड चढणाऱ्या पोरांना त्या मध विकतात. त्यांनी पिशवीतली बाटली काढून पुढं केली.

“घ्ये बाई. मुंगूस दिसणंच लई चांगलं, आन् ह्ये तर पांढरं.”

“मावशी, मुंगूस न्हाई ते.”

“मला काय कळंना व्हय? तू चोळ.”

मी चोळला. धम्मदीपनं लोलाचं डोकं धरलं. पाच मिनिटं... सात मिनिटं. मग डॉक्टर सांगतील तसं त्यानं सलाइनच्या बाटलीतून सिरिंजभर पाणी तिच्या कातडीखाली सोडलं. आणि मग लोलानं मान उचलली, आजूबाजूला पाहिलं आणि त्याच्या बोटाला कडाडून चावली.

“चावली का हो?”

“चावली.” तो रक्त पुसत हसत होता. “म्हंजे जगली.”

साहेब, मला तिथंच काहीतरी झालं. त्याला तुमच्याकडं औषध नाही आणि रकानाही नाही.

मग रजिस्टर आलं. पेन अडलं.

“प्रकार?”

“फेरेट लिवा.”

“रकाना न्हाई.”

“मग ‘इतर’मधी.”

“तोबी न्हाई. आन् नोंद न करता सलाइन फोडलं तर माझ्यावर येतं.” त्यानं लोलाकडं पाहिलं, लोलानं त्याच्याकडं. त्यानं शब्द मोठ्यानं म्हणत लिहिलं, “मांजर. मादी. एक.”

“तिला राग येईल.”

“मी समजावतो तिला. तुमचा मोबाईल नंबर?”

“तो कशाला?”

“रजिस्टरला लागतो.”

मी सांगितला. त्यानं तो तळहातावर लिहून घेतला, म्हणाला पान भरलंय, नंतर उतरवतो. माझा विश्वास बसला. सरकारी माणूस खोटं कशाला बोलेल?

दुसऱ्या दिवशी फोन. “मांजर कशी हाय?” तिसऱ्या दिवशी बाईक. रविवारी पुन्हा बाईक. त्यानं बंगल्यात येऊन काचेला गोणपाट लावलं, भिजवायचं कसं ते दाखवलं. शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणले, पाणी भरून गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायला शिकवलं. फेरेटला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळं सव्वीस-सत्तावीसच्या वर पारा गेला की जपायचं, हे त्यानं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मी भिंतीला तापमापक टांगला. रोज दुपारी त्याचा फोटो मी धम्मदीपला पाठवायचे. खाली काही लिहायचे नाही. तोही लिहायचा नाही. नुसता आकडा जायचा, पण अंगावर काटा यायचा.

“रोज घाट वलांडून येता. दवाखान्यात जनावरं न्हाईत का?” एकदा मी विचारलं.

“जेवणाच्या सुट्टीत येतो.”

“मग जेवता कधी?”

“...आज तुमी विचारलं म्हंजे आज जेवीन.”

मी भाकरी वाढली. आप्पा ओसरीवरून म्हणाले, “डॉक्टर, मुंगसाची तब्येत बरी दिसती. तुमची उतरलीय.” तो खाली मान घालून जेवला. कानाच्या पाळ्या लाल. मला वाटलं, यालाही उन्हाचा त्रास होतोय की काय.

आता तुमचा भाग, साहेब.

लोलाला आणलं त्या दिवशी संध्याकाळी धोंडाबाईंच्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाठी, म्हणजे माद्या. त्यांनी ते सगळ्या वेल्ह्याला सांगितलं — दवाखान्यात पांढऱ्या मुंगसाचं दर्शन झालं, म्हणून जुळी. त्यांचा आनंद खरा होता, त्यांच्यावर माझा राग नाही. लोक शेळ्या घेऊन यायला लागले, ‘मुंगूस कुठाय’ विचारायला लागले. कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि ते तुमच्या मोबाईलवर आलं. दीड वर्ष डॉक्टर नाही, हे तुमच्या मोबाईलवर कधी आलं नाही. मुंगूस मात्र एका आठवड्यात पोचलं.

नोटीस त्यानं मला धरणाच्या भिंतीखालच्या करंजाच्या सावलीत दाखवली. ‘मुंगूससदृश वन्य प्राण्यावर शासकीय औषधाचा वापर करून मांजर अशी खोटी नोंद केली, सबब आपले कंत्राट जूनअखेर का संपुष्टात आणू नये.’ सोबत रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स.

“सदृश म्हणजे काय?” मी विचारलं. “आले होते का बघायला?”

“न्हाई.”

“फोन?”

“न्हाई. मी काय म्हणतो, चूक झाली असं लिहून टाकतो. माफी असावी. विषय संपला.”

“काय चूक झाली?”

तो नोटिशीची घडी घालायला लागला.

“जीव वाचवला ही चूक? बोल ना. ती मेली असती तर रजिस्टर स्वच्छ राहिलं असतं, हेच ना?” मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होते. रागात लक्षातही आलं नाही.

“तुला न्हाई कळायचं, संजीवनी. नोकरी गेली तर तुझ्या आप्पांपुढं कुठल्या तोंडानं येऊ?”

वारा पडलेला. पाण्यावर एक टिटवी ओरडत गेली.

“...आप्पांपुढं कशाला यायचंय?”

त्यानं करंजाचं पान तोडलं आणि त्याचे तुकडे करत बसला. मी झेरॉक्सकडं पाहत राहिले, दुसरीकडं पाहायची हिंमत नव्हती. अनुक्रमांक. दिनांक. मालकाचं नाव, तिथं माझं नाव, सुरेख अक्षरात. गाव. प्रकार. लिंग. लक्षणे. उपचार. सही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बोट ठेवून वाचलं.

“धम्मदीप.”

“हं.”

“ह्यात मोबाईलचा रकाना कुठाय?”

त्याच्या हातातलं पान खाली पडलं.

“...न्हाई.”

“मग रजिस्टरला लागतो म्हणालास ते?”

“ते... खोटं बोललो.”

“आणि नंबर कुठं उतरवलास?”

“कुठंच न्हाई. तळहातावरनं पुसायच्या आत पाठ झाला.”

मी रागावले होते, साहेब. तुमच्यावर, त्याच्यावर, त्या सदृश शब्दावर. राग होता तिथंच होता, गेला नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. मी त्याचा तळहात ओढून उलटा केला. रिकामाच होता, तरी पाहत राहिले.

“किती दिवस सांगणार नव्हतास?”

“एकदम सांगितलं तर धक्का बसतो.” तो हळूच म्हणाला. “हळूहळू...”

“मी काय फेरेट आहे?”

“चावतेस तर तशीच.”

मग आम्ही दोघांनी मिळून खुलासा लिहिला. माफी त्यात नाही, मी खोडली. ‘सदर प्राणी मुंगूस नव्हता, मांजरही नव्हता. फेरेट होता. नोंद चुकीची आहे हे मान्य. बरोबर नोंद करण्यासाठी रकाना उपलब्ध नव्हता. उपचार बरोबर होता. प्राणी जिवंत आहे, कधीही येऊन पाहावा.’ तो म्हणाला, शेवटची ओळ जरा उद्धट होते. मी म्हटलं, राहू दे. त्यानं सही केली. बारा मे रोजी तुमच्या आवक शाखेत दिला, पोच घेतली, शिक्का आहे.

आज चौतीस दिवस झाले. त्याला सात दिवस दिले होतेत. स्वतःला किती दिलेत?

जून अर्धा सरला. लोला आणि ऑस्कर फरशीवर एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून झोपतात. धम्मदीप गेल्या रविवारी किकवीहून आईला घेऊन आला, आप्पांना ‘जयभीम’ घातला आणि एकदाचं बोलला. आप्पांनी विचारलं, “नोकरी ऱ्हायली न्हाई तर?” तो म्हणाला, “जनावरं आजारी पडायची थोडीच ऱ्हाणारेत, आप्पा?” आप्पा बराच वेळ मिशीत हसले, मग मला म्हणाले चहा टाक. आमच्याकडं चहा टाक म्हणजे हो.

त्यानं माझ्याशी बोललेल्या खोट्याची चौकशी माझ्याकडं आहे. निकाल लागलाय, शिक्षा जन्मभराची. तुम्ही त्यात पडू नका. पण त्यानं रजिस्टरात लिहिलेल्या तीन शब्दांचं उत्तर तुमच्याकडंच आहे.

त्याला उत्तर मी दिलं. आप्पांना उत्तर त्यानं दिलं. उरलात तुम्ही. उद्या एखादा जीव तोंड वासून धापा टाकत ओट्यावर आला आणि तुमच्या छापील पानावर त्याला जागा नसली, तर माणसानं हात लावायचा, का रकाना छापून येईपर्यंत थांबायचं? एका ओळीत लिहून द्या. खाली सही तुमची पाहिजे.