कनातीतला हातोडा

लोणारच्या अवकाश-संरक्षण केंद्रात पडद्यावर हातोडा इमानेइतबारे पडत होता आणि लघुग्रहाचा वेग तसूभरही बदलत नव्हता. डॉ. यमुना घैसास यांना याचं नवल वाटत नव्हतं. तेच तेच समजावण्याचा मात्र त्यांना वीट आला होता.

घराएवढा तो खडक चंद्रावरच्या वस्तीच्या रोखाने निघाला होता. तिथे चाळीसेक माणसं होती आणि त्यांना वेळेत हलवता येईल असं एकही यान नव्हतं. संचालक उपासनींनी आपलं आघातयंत्र खडकावर रोवलं, तेव्हाच यमुनाबाई म्हणाल्या होत्या, की हे म्हणजे टोपलीत बसून टोपली उचलणं. घण खाली येताना यंत्र खडकाला वर ओढणार, घाव बसला की तेवढाच तो खाली ढकलला जाणार. बेरीज शून्य.

तरीही खडक सरकला. उपासनींनी पेढे वाटले, बाईंना मुद्दाम दोन दिले. बाईंनी ते खाल्ले आणि गणित तपासलं. घाव क्षणार्धात बसत असल्यामुळे बळ प्रचंड, त्यामुळे कपचे उडत होते. खडकाचं गुरुत्व इतकं क्षीण, की उडालेला कपचा परत येत नव्हता. जे कायमचं निघून जात होतं, तेच खडकाला रेटत होतं. त्यांनी हे बैठकीत सांगितलं. खडक सरकतोय ना, मग झालं तर, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

पुढे थेट प्रक्षेपण ठरलं. उडणारे कपचे कॅमेऱ्यावर आपटत, त्यामुळे हातोडा नीट दिसेना. कुठल्याही समारंभात करतात तेच उपासनींनी केलं, कनात लावली. पोलादी धाग्यांची, हातोड्याला चहूबाजूंनी आणि वरूनही झाकणारी. कॅमेरा बाहेरून, जाळीतून स्वच्छ दाखवत होता. तेव्हापासून खडकाच्या वेगाचा आकडा हलला नव्हता.

"घाव वाढवू या," उपासनी म्हणाले.

"कितीही वाढवा, सर. कपचे कनातीवर आपटतात, कनात खडकालाच बांधलेली आहे. त्यांनी नेलेला संवेग ती परत देते."

"मग काढा कनात."

"कशानं? ती बसवणारं मानवरहित यान चित्रात येतंय म्हणून तुम्हीच परत बोलावलंत."

उपासनी खुर्चीत बसले.

"ती फाडून बाहेर जाईल असं तिथे एकच आहे," बाई म्हणाल्या. "घण. वर उचलला जात असताना पकड उघडायची. उरलेला सगळा रेटा तो एकटा देईल."

"आणि मग ठोकायचं कशानं?"

"ठोकून कधीच काही झालं नव्हतं, सर."

वीस वर्षं त्या यंत्रावर घालवलेला माणूस पडद्यावरच्या घणाकडे वळला. मग म्हणाला, "निदान अगदी वरच्या टोकाला सोडू या."

"टोकाला त्याचा वेग शून्य असतो." बाईंनी एक श्वास घेतला. "मध्यावर. तिथे तो सर्वांत जास्त असतो."

उपासनींनी आज्ञा पाठवली. घण उचलला गेला, मध्यावर सुटला, कनात फाडून अंधारात गेला. खडकाच्या वेगाचा आकडा हळूच बदलला. बाईंनी तो तपासला. वस्ती वाचली होती.

दूरध्वनी लगेच वाजला. यंत्र सर्वांदेखत मोडलं कसं, याची मंत्रालयाला चौकशी करायची होती. आणि हातोडाच गेला तर खडक अजून सरकतोय कसा, हेही कुणीतरी सोप्या भाषेत सांगावं, अशी विनंती होती.

यमुनाबाईंनी फोन उपासनींच्या हातात दिला. "या वेळी तुम्ही समजवा, सर."